बिनबाईचं बाळंतपण

स्नेहलचं पोर पहिल्यांदा शिंकलं तेव्हा कोंडाजी भाकरी थापत होता. पिठातला हात तसाच ठेवून त्यानं मान वळवली. पोर झोळीत वळवळलं, पुन्हा शिंकलं आणि सूं सूं करत रडायला लागलं. स्नेहलनं त्याला उचलून पदराखाली घेतलं. त्यानं घोटभर ओढलं न ओढलं, तोंड सोडलं. नाक चोंदलेलं, तोंडात छाती. श्वास घ्यायचा कुठून? पुन्हा लावलं की पुन्हा सोडायचं आणि रागानं पाय झाडायचं.

"पावसाचं शिंकतंयच की लेकरू," म्हणत कोंडाजीनं भाकरी तव्यात टाकली.

घर बेडशात, लेण्यांच्या डोंगराखाली. एक खोली आणि पुढं पडवी. चूल खोलीतच. कौलात धूर जायला फट होती, ती गळायला लागली म्हणून कोंडाजीनं वर चढून प्लॅस्टिकचा कागद ठोकला होता. मागची भिंत डोंगराच्या पाण्यानं भिजलेली, हात लावला की गारेगार माती बोटाला लागायची. गॅस होता, पण आषाढात चुलीशिवाय घर शेकत नाही असं त्याचं म्हणणं होतं.

त्याची बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती. स्नेहलचं सातव्यात ओटभरण झालं तेव्हा तिची सासू येसूबाई भरल्या माणसांत बोलली होती, "तुमच्या घरात बाईमाणूस न्हाई, इवाई. बिनबाईच्या घरात बाळंतपण कसलं करताय? पोरगी आमच्या वडिवळ्यालाच ऱ्हाऊ द्या." पहिलटकरणीनं माहेरी जायचं ही रीत. त्या रीतीपेक्षा कोंडाजीला 'बिनबाईचं' हा शब्द झोंबला. तो म्हणाला, "म्या करतो."

आणि त्यानं केलं. डिंक तळला, अळीव भिजत घातले, बाजरीच्या भाकरी थापल्या. बाळुती पाटीत घालून ओढ्यावर नेली तेव्हा धुणाऱ्या बायकांनी तोंडाला पदर लावले. एक म्हणाली, कोंडाजीभाऊ, आता तेवढी अंगाई तरी येतीय का? त्यानं बाळुती आपटून आपटून धुतली आणि घरी येऊन चुलीवरच्या दोरीला वाळत टाकली. पोराला न्हाऊ घालायला तेवढी शेजारची झुंबरबाई यायची. बाकी सगळं त्याच्या हातचं.

दुपारी सारिका आली, गावची आशा सेविका. ती गावचीच सून. रेनकोट पडवीत काढून, हात धुऊन तिनं पोराचं पोट उघडं केलं आणि मोबाइलचं घड्याळ लावून पुरा मिनिटभर श्वास मोजले. मग म्हणाली, साधी सर्दी आहे, आपोआप जाईल. मेडिकलमधून खोकल्याचं काही आणून पाजायचं नाही. मिठाच्या पाण्याचे तयार थेंब मिळतात, ते पाजायच्या आधी नाकात टाकायचे, शेंबूड सुटला की कापडानं टिपायचा. एका वेळी कमी पितंय तर परत परत पाजायचं. नाकात तेल नको, धूर तर अजिबात नको. तिनं कौलातल्या प्लॅस्टिककडं बोट दाखवलं आणि ते काढायला सांगितलं.

"काढलं तर पानी थेट झोळीवर," कोंडाजी म्हणाला.

"मग झोळी पडवीत बांधा, आबा. आन् ह्ये ध्यानात ठेवा. दोन महिन्याच्या आतलं पोर हाय. अंग तापलं, प्यायचं सोडलं, श्वास साठीच्या वर पळाया लागला, न्हाईतर बरगडीखाली खड्डा पडाया लागला, तर घरात बसायचं न्हाई. सांच्याला बघू, सकाळी बघू, आसलं कायबी न्हाई."

कोंडाजीनं व्हय व्हय म्हटलं. त्याचं ध्यान खाचरात होतं. भाताचं रोप उंच होऊन पिवळं पडायला लागलं होतं आणि इर्जिकीत त्याची पाळी रविवारी होती. महिनाभर तो लोकांच्या चिखलात वाकला होता. आता ती माणसं एक दिवस त्याच्या चिखलात वाकणार होती. तो दिवस गेला की परत मिळत नाही.

झोळी मात्र त्यानं पडवीत बांधली नाही. पडवीत वारं होतं.

*

दुसऱ्या दिवशी येसूबाई आली. जावई गोरखनं मोटरसायकल अंगणात उभी केली आणि मागून ती उतरली; डोक्यावर खताच्या पिशवीची खोळ, हातात कापडी थैली. सव्वा महिना होऊन गेला होता. ती सुनेला आणि नातवाला न्यायला आली होती. चार दिवसांवर बारसं धरलं होतं, पाव्हण्यांना सांगावे गेले होते.

पोराचा आवाज तिनं उंबऱ्यातच ऐकला. पाय न धुता आत आली, झोळीत वाकली, पोराच्या नाकाला बोट लावलं.

"ह्ये काय करून ठिवलंय?"

कोंडाजी म्हणाला की पावसाची सर्दी आहे, सारिका बघून गेली. ती त्याच्याकडं न बघता सुनेला म्हणाली, सामान भर. मग कोंडाजी दारात उभा राहिला. असल्या पावसात, फटफटीवर, सर्दीचं पोर तो पाठवणार नव्हता. येसूबाईनं ऐकून घेतलं आणि म्हणाली की तिला हे निमित्त आधीच ठाऊक होतं. पोरगी ठेवून घ्यायची, तिच्या हातचं खायचं, वर बाळंतपण केलं म्हणून गावात मिरवायचं.

"इहीणबाई, तिच्या हातचं न्हाई. माझ्या हातचं ती खातीय."

"त्येच तर म्हनतीय. बाप्याच्या हाताला कसली चव आन् कसलं पथ्य? म्हनून पोर आजारी."

गोरखला दुपारच्या पाळीला तळेगावात कंपनीत पोचायचं होतं. तो पडवीत उभा राहून बायकोकडं बघत होता. स्नेहलनं नजर वळवली. आई म्हणेल ते आणि सासरा म्हणेल ते, दोन्हीला त्यानं मान हलवली, सांगितले ते नाकातले थेंब कामशेतहून आणून दिले आणि तो गेला. येसूबाई गेली नाही. थैली खुंटीला अडकवून तिनं सांगितलं, पोर बरं होईतो ती इथंच बसणार, बघू कोण काय करतं.

रात्री कोंडाजीनं वाढलेलं ताट तिनं बाजूला सारलं. स्वतः उठून चूल पेटवली, स्वतःपुरता भात टाकला. ओल्या फाट्यांचा धूर खोलीभर झाला. पोर खोकायला लागलं. कोंडाजी म्हणाला, धूर करू नका. ती म्हणाली, चूल तुमचीच आहे, धूरबी तुमचाच.

*

सकाळी कोंडाजी चिखलणीला गेला. पॉवर टिलर शेजाऱ्याकडून आणला होता. दिवसभर तो त्याच्या मागं गुडघाभर चिखलात चालला. पिंढऱ्यांना जळवा लागल्या, त्या मीठ लावून काढल्या आणि पुन्हा चालला. बांधावरून झुंबरबाईनं विचारलं, इहीण राखणीला बसलीय म्हणं? खालच्या खाचरातली माणसं हसली. त्याच्या टिलरचं चाक बांधात घुसलं.

घरी येसूबाईनं नाकातल्या थेंबांची बाटली फळीवर वर ठेवून दिली. नाकात पाणी घातल्यावर सर्दी जाते हे तिनं कधी ऐकलं नव्हतं. तिनं खोबरेल कोमट केलं, करंगळी बुडवून पोराच्या नाकपुड्यांत सोडलं. पोराचा श्वास अडकला, तोंड लाल झालं, मग ते ठसकत ओरडलं.

"आत्या, सारिकाताईनं तेल नको म्हनून सांगितलंय," स्नेहल म्हणाली.

"सारिकानं किती पोरं वाढवली?"

येसूबाईनं घमेल्यात निखारे घेतले, त्यावर ओवा, शेपा आणि लसणाची सालं टाकली आणि घमेलं झोळीखाली सरकवून वरून चादर धरली. पांढरा धूर झोळीतून वर आला. पोर आधी रडलं, मग रडायचं थांबलं. येसूबाई म्हणाली, बघ, शांत झालं.

संध्याकाळी कोंडाजी आला तो दारातच थबकला. घरात धुरानं डोळे उघडेनात. त्यानं चादर ओढून फेकली आणि घमेलं उचलून अंगणात पालथं केलं. निखारे पावसात चरचरले.

"माझ्या घरात माझ्या नातवाला कोंडून मारताय?"

"नातू माझा हाय. कुळ माझं हाय. तुमी निसतं सांभाळायला घेतल्यालं, त्येबी जमंना."

दोघांचेही आवाज चढले. शेजारच्या पडवीत माणसं येऊन उभी राहिली. येसूबाईनं ओट्यावर येऊन सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं की ह्या घराच्या भिंतीला शेवाळ आलंय, बाळुती धुरावर वाळतात, आणि बाळंतिणीच्या न्हाणीला पाणी ठेवतो बाप. शेवटचं वाक्य ऐकून कोंडाजीचा हात वर उठला आणि तसाच खाली आला. तो आत गेला. रात्री पोराला गारवा लागू नये म्हणून त्यानं स्वतःच्या हातानं शेगडीत कोळसे पेटवून झोळीजवळ ठेवले आणि दार लावून घेतलं. धुरी देणाऱ्या बाईवर ओरडलेल्या माणसाला शेगडीचं काही वाटलं नाही. ती ऊब होती.

स्नेहल पोराला छातीशी धरून भिंतीला टेकून बसली होती. पाठ ओली होत होती. छाती दुधानं तटतटली होती, दगडासारखी दुखत होती, आणि पोर ओढत नव्हतं.

*

रविवारी सकाळी इर्जिकीची माणसं आली. बायका रोपाच्या मुठी काढायला वाफ्यात उतरल्या, गड्यांनी इरली आणि प्लॅस्टिकची खोळ पाठीवर घेतली. कोंडाजीनं चहाचं पातेलं बांधावर पोचवलं आणि फावडं घ्यायला घरी आला.

स्नेहल दारात उभी होती. "आबा, दवाखान्यात न्यायला पायजे. सकाळधरनं कायबी पिलं न्हाई. बाळुतंबी कोरडंच हाय."

कोंडाजीनं झोळीत बघितलं. पोर पडून होतं. रडत नव्हतं. नाकपुड्या फुलत होत्या आणि मिटत होत्या. त्याचा हात झोळीकडं गेला. पण मागं येसूबाई उभी होती आणि ती त्याच्या तोंडाकडं बघत होती. आता पोर उचलून दवाखान्यात नेलं तर सगळ्या मावळात एकच बोललं जाणार होतं: कोंडाजीच्या घरात पोर आजारी पडलं. बिनबाईच्या घरात. तिचं खरं झालं.

"झोपलंय की," तो म्हणाला. "एवढी माणसं खाचरात उतरलीत. सांच्याला जाऊ."

स्नेहल सासूकडं वळली. येसूबाईनं मागच्या दिवशी धुरी दिली होती, सगळ्या गावानं घमेलं पालथं होताना बघितलं होतं. डॉक्टर पहिलं तेच विचारणार आणि गोरखला कळणार, हे तिला दिसत होतं. ती म्हणाली, "दवाखाना कशाला? कफ सुटाया लागलाय. आनी येकदा शेक दिला की खुलंल."

दोन दिवसांत पहिल्यांदा दोघं एका बाजूला होती.

कोंडाजी फावडं घेऊन गेला. इर्जिकीच्या माणसांना जेवण घालायचं होतं; न घालावं तर विहिणीच्या देखत घराची अब्रू जाणार, आणि घालावं तर करणार कोण? शेवटी येसूबाईच पुटपुटत पडवीत तीन दगडांची चूल मांडून बसली. माणसं जेवली की ती सांगणार होती, रांधलं कुणी.

स्नेहलनं पोराला मांडीवर घेतलं, झबलं वर केलं. सारिकानं दाखवलं होतं तसं पोटाकडं बघितलं. मोजायला ती चुकत होती, श्वास बोटांत राहत नव्हते. पण खड्डा मोजायचा नव्हता. प्रत्येक श्वासाला बरगड्यांच्या खाली कातडी आत ओढली जात होती, वाटीएवढा खड्डा पडत होता. आणि श्वास सोडताना पोर कण्हत होतं, बारीक, दार कुरकुरावं तसं. ओठांच्या कडा काळपट दिसल्या. तिनं तळपायाला टिचकी मारली. त्यानं डोळे उघडले, पुन्हा मिटले.

तिनं दुपट्यात पोर गुंडाळलं, तोंड मोकळं ठेवलं, वरून छत्री धरली आणि मागच्या दारानं बाहेर पडली. गोरखला फोन लावला; त्या रविवारी त्याला सकाळची जादा पाळी होती, आणि पाळीवर असताना त्याचा फोन कपाटात असायचा. सारिकाला लावला, ती पवनानगरला लसीकरणाला गेली होती. ती एवढंच म्हणाली, "थांबू नकोस. गाडी मिळंल तिला हात कर."

*

लेण्यांच्या रस्त्याला रविवारच्या गाड्या लागल्या होत्या. पावसात भिजायला आलेली माणसं, उघडी पोरं, गाडीच्या टपावर गाणी वाजवणारा स्पीकर, कणसं भाजणारे. स्नेहल बाळंतपणानंतर पहिल्यांदाच एवढं चालत होती. ओटीपोटात कळ येत होती आणि साडीचा घोळ चिखलात ओढला जात होता.

कामशेतकडं तोंड करून उभ्या असलेल्या एका मोठ्या गाडीच्या काचेवर तिनं टकटक केलं. काच खाली आली. आतल्या बाईनं तिच्या अवताराकडं बघितलं, हातातल्या गाठोड्याकडं बघितलं आणि पर्समधून एक नोट काढून पुढं केली.

"नोट नको. दवाखान्यात जायचंय. बाळाला श्वास लागलाय."

बाईनं पलीकडच्या माणसाकडं पाहिलं. तो म्हणाला की त्यांची माणसं अजून वरून उतरायची आहेत. काच वर गेली. नोट काचेत अडकून राहिली.

दुसऱ्या गाडीवाल्यानं ऐकूनच घेतलं नाही. तिसरा होता याह्या, कामशेतचा. कोंबड्या पोचवून रिकामी खुराडी घेऊन त्याचा पिकअप उतारावरून येत होता. तिनं रस्त्याच्या मधोमध उभं राहून हात केला. त्यानं ब्रेक दाबला, शिवी तोंडात आली ती दुपट्याकडं बघून गिळली आणि आतून दार उघडलं.

"बसा ताई. वास येईल, पर बसा."

पुढं वळणावर गाड्या अडकल्या होत्या. याह्यानं हॉर्नवरचा हात काढलाच नाही. तरी एक गाडी हलेना. तिचा मालक रस्त्यात उभा राहून फोटो काढत होता. याह्या खाली उतरला. स्नेहलला काचेतून एवढंच दिसलं की त्यानं त्या माणसाच्या हातातला मोबाइल खाली केला आणि पिकअपकडं बोट दाखवलं. माणूस काहीतरी उलट बोलला. याह्यानं त्याच्या गाडीचं दार उघडून दिलं आणि तो आत बसेपर्यंत तिथंच उभा राहिला. वाट झाली. कामशेत येईपर्यंत याह्या एकदाच बोलला, "कन्हतंय ना? कन्हू द्या. आवाज हाय तवर बरंय." ते खरं होतं का खोटं, त्यालाही ठाऊक नव्हतं. स्नेहल त्या आवाजाकडं कान लावून बसली.

लहान मुलांच्या दवाखान्यात बरीच गर्दी होती. डॉक्टरीणबाईंनी दारातून एकदा पोराकडं बघितलं आणि हातातला पेशंट तसाच सोडून उठल्या. बोटाला चिमटा लावला, नाकावर नळी बसवली, नर्सला भराभर काही सांगितलं. मग स्नेहलकडं न बघताच विचारलं, "कधीपासून पीत नाही?"

"सकाळधरनं कायच न्हाई. काल अर्धंमुर्धं."

"मग काल का नाही आणलंत?"

स्नेहलनं रिकाम्या दुपट्याची घडी घालायला घेतली.

"एवढ्याशा बाळाला नाकानंच श्वास घेता येतो. पिणं सुटलं म्हणजे श्वास पुरत नाही, इतकं साधं असतं. सर्दी छातीत उतरलीय. संध्याकाळी आणलं असतंत तर मी हात लावू शकले असते की नाही, सांगता येत नाही."

नर्सनं तिला बाहेर बसवलं. बाहेर बसल्यावर तिच्या छातीतून दूध आपोआप वाहायला लागलं. तिनं दोन्ही हात आवळून पदर वर ओढला आणि समोरच्या भिंतीकडं बघत राहिली.

*

येसूबाई चुलीपासून उठून आत गेली तेव्हा झोळी रिकामी होती. ती बोंबलत खाचराकडं धावली. माणसांनी हातातल्या मुठी खाली टाकल्या. इर्जिकीतल्या एकाच्या टेम्पोत दोघं निघाली. येसूबाई पुढं ड्रायव्हरशेजारी, कोंडाजी मागं हौद्यात, पावसात उभा. आत जागा होती. तिनं सरकून दिली नाही आणि त्यानं मागितली नाही.

दवाखान्याच्या दारात फरशी पुसणाऱ्या बाईनं त्याला अडवलं. मांडीपर्यंत चिखल, अनवाणी पाय. नळावर धुऊन ये म्हणाली. तो नळाखाली पाय घासत असताना येसूबाई आत जाऊन पोचली होती आणि सुनेला विचारत होती, कुणाला विचारून आणलंस? कोंडाजी ओल्या पायांनी आत आला.

"तुमच्या धुरीनं झालं ह्ये."

"तुमच्या वल्ल्या भिताडानं झालं. आन् त्या शेगडीनं. मला काय दिसलं न्हाई व्हय?"

बाकावरच्या आया पोरं कवटाळून त्यांच्याकडं बघायला लागल्या. नर्स आली आणि म्हणाली, आवाज करायचा असेल तर रस्त्यावर. तेवढ्यात डॉक्टरीणबाई दारात आल्या. बाळानं ऑक्सिजन घेतला आहे, श्वास जरा खाली आला आहे, पण आजच्या रात्रीचं काही सांगता येत नाही, असं त्या म्हणाल्या. मग केसपेपरवर पेन टेकवून त्यांनी विचारलं, "घरात धूर होता का? नाकात काही घातलं होतं?"

कोंडाजीनं येसूबाईकडं बघितलं. येसूबाईनं जमिनीकडं बघितलं.

स्नेहल उठून उभी राहिली. तिचा आवाज चढला नाही. "धुरी आत्यांनी दिली. तेल बी त्यांनीच घातलं. शेगडी माझ्या वडलांनी पेटवून दार लावलं. आन् मी बघत बसले. तिघांचंबी लिवून घ्या."

डॉक्टरीणबाईंनी लिहून घेतलं. पुसणारी बाई कोंडाजीच्या पायाखालचं पाणी पुसून गेली.

*

पोर वाचलं. आधी नळीतून आईचं दूध दिलं, मग एका संध्याकाळी त्यानं स्वतः तोंड उघडलं आणि छातीला लागलं. दमलं, थांबलं, पुन्हा लागलं. स्नेहल इतकी हळू रडली की नर्सला कळलं नाही. गोरख रजा टाकून बसला होता, तो पाणी आणायला म्हणून बाहेर गेला.

त्या सगळ्या दिवसांत कोंडाजी आणि येसूबाई दवाखान्याच्या पायरीवर दोन टोकांना बसत. एकानं डबा आणला की दुसरा उठून जाई. बारशाचे सांगावे माघारी घ्यावे लागले. ते का घ्यावे लागले, हे येसूबाईनं वडिवळ्यात एका प्रकारे सांगितलं आणि कोंडाजीनं बेडशात दुसऱ्या प्रकारे.

सुट्टी मिळाली त्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी पुन्हा सगळं बजावलं: धूर नको, ओल नको, खोकणाऱ्या माणसानं जवळ जायचं नाही, हात धुऊन घ्यायचं, आणि पिणं कमी झालं की फोन न करता थेट यायचं. गोरखनं रिक्षा दारात आणली आणि बायकोला विचारलं, कुठं जायचं?

कोंडाजी पुढं झाला. त्यानं खोली सारवली होती, कौलातला कागद काढून वर पत्र्याचा झाप बसवला होता, चूल पडवीत नेली होती. ते त्यानं पोरीला भराभर सांगितलं.

स्नेहल म्हणाली, "आबा, भित वाळली का?"

"दिवाळीपातूर वाळंल की."

तिनं मान खाली घातली. मग गोरखला म्हणाली, "वडिवळ्याला चला."

येसूबाईनं थैली उचलली आणि कोंडाजीकडं बघितलं. सबंध पावसाळ्यातलं तिच्या तोंडावरचं पहिलं समाधान त्याला दिसलं. स्नेहललाही दिसलं.

"आत्या, तुमच्यासाठी न्हाई येत मी. तुमच्याकडं सिमेंटची कोरडी खोली हाय, गॅस हाय, म्हनून येते. त्या खोलीत धुरी आली, तेलाची वाटी आली, का मी पोर घेऊन भाईर पडनार. कुटं चाललीय त्येबी सांगनार न्हाई."

"माझ्या घरात मला शिकवायला लागलीस?"

"व्हय."

गोरख मध्ये पडेल म्हणून येसूबाई थांबली. गोरखनं पिशव्या रिक्षात ठेवल्या आणि आईला सांगितलं की तिच्या खोलीतली कॉट आजच बाहेर काढू, ती खोली बाळाला देऊ. येसूबाई रिक्षात बसली. रिक्षा निघाली तेव्हा कोंडाजीनं पोराच्या टोपीला हात लावायला बोट पुढं केलं होतं. ते त्यानं आधी शर्टाला पुसलं. तेवढ्यात रिक्षा गेली.

इर्जिकीची माणसं पुढच्या पाळीला निघून गेली होती. त्याच्या निम्म्या खाचरात रोप उभं होतं, निम्म्यात नुसतं पाणी. उरलेली लावणी त्यानं एकट्यानं केली. रोप जून झालं होतं, वाफ्यातून काढताना मुळं तुटत होती. झुंबरबाई एक दिवस येऊन वाकली. पोरगी तिकडं का गेली हे तिनं विचारलं नाही, आणि त्यानं सांगितलं नाही.

रोज दिवस बुडायच्या आधी तो बांधावर बसून हात धुई आणि पोरीला फोन लावी. त्या वेळी स्नेहल पोराला घेऊन बसलेली असायची, फोन येसूबाई उचलायची. राम राम नाही, बरं आहे का नाही.

"पितोय का?" कोंडाजी विचारी.

"पितोय," ती म्हणे आणि फोन बंद करी.

मग तो उठून उरलेल्या मुठी पाण्यात ठेवी.